गुळवेल नक्की कुठली घ्यायची? काढा, रस, सत्त्व की घनवटी?

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी. वडिलांसाठी विचारतोय.

बाबा 71 वर्षांचे. मधुमेह जुना, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. मागच्या महिन्यात एका रात्री पायाचा अंगठा लालबुंद होऊन सुजला, चादर नुसती लागली तरी विव्हळत होते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, युरिक ॲसिड 8.4 निघालं, म्हणजे वाढलेलं. सुजेच्या गोळ्या दिल्या, सूज उतरली. इथपर्यंत ठीक. मग बाबांनी मला न विचारता गावच्या वैद्यांना फोन लावला. ते म्हणाले, "गुळवेल चालू करा." आणि फोन ठेवला. आमचे वैद्य फोनवर असे बोलतात की तार करताहेत, शब्दाला पैसे पडतात.

काल ठाण्याला काम होतं म्हणून जांभळी नाक्यावर काष्ठौषधींच्या दुकानात गेलो. गुळवेल म्हटल्यावर त्या माणसाने चूर्णाचं पाकीट, रसाची बाटली, सत्त्वाची डबी, घनवटी, अमृतारिष्ट असं एकेक काढून ठेवलं. शिवाय गुळवेल, गोखरू, पुनर्नवा एकत्र असलेली कॅप्सूल. "कुठलं देऊ?" मी काहीच न घेता परत आलो. वैद्यांचा फोन त्यानंतर लागलेला नाही, ते शेतावर असतात.

भर म्हणून आमचे सेक्रेटरी सांगतात की सोसायटीच्या मागच्या कडुनिंबावर गुळवेल चढलीये, विकत कशाला आणता.

यातलं बाबांना चालेल असं काय? की सगळं एकच?

खाडीकाठ
ताजी वेल. निंबावरची मिळत असताना पाकिटं कशाला बघता? आमचे आजोबा रोज सकाळी वीतभर कांडी ठेचून पाण्यात उकळून प्यायचे, शेवटपर्यंत दात शाबूत.

मीठभाकर
दातांचा आणि गुळवेलीचा काय संबंध? 😀
मी रस घेते, आठवण झाली की. झाकणभर रस, झाकणभर पाणी. चव भयानक. फायदा झाला की नाही ते सांगता येत नाही, पण बाटली संपली की नवीन आणते.

काष्ठौषधी
ऐरोलीकर, सगळं एकच नाही. मी आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात उत्पादन विभागात होतो, आता निवृत्त. वैद्य नाही. त्यामुळे बाबांना काय द्यावं हे मी सांगणार नाही, पण कुठल्या डबीत काय असतं ते सांगतो.

चूर्ण म्हणजे कांड वाळवून दळलेलं. आहे तसं सगळं, चोथ्यासकट. आयुर्वेदिक फार्माकोपियात (सरकारी औषधकोशात) चूर्णाची मात्रा दिवसाला 3 ते 6 ग्रॅम दिलेली आहे, काढ्याला 20 ते 30 ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

काढ्याला चूर्ण वापरायचं नाही, भरड (जाडसर कुटलेली कांडं) वापरायची. बारीक चूर्ण उकळलं की खळ होते, गाळता गाळत नाही. पोथीतलं माप म्हणजे भरडीच्या सोळापट पाणी घालून मंद आचेवर अष्टमांश उरवायचं. घरी इतकं कुणी आटवत नाही, चौथाई उरवतात. दुसरा प्रकार हिम. भरड सहापट पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी कुस्करून गाळायची. गॅस लागत नाही. गुळवेलीचा हिम पुष्कळ वैद्य देतात, विशेषतः उन्हाळ्यात.

घन म्हणजे हाच काढा गाळून पुन्हा आटवत न्यायचा, मधासारखा झाला की ट्रेमध्ये पसरून वाळवायचा, कुटून गोळ्या पाडायच्या. टोपलंभर कांड्यांतून ओंजळभर घन निघतो. शेवटचा तासभर फार सांभाळावं लागतं. बुडाला लागलं की अख्खा घाणा करपट होतो, आणि तो वास गोळी पाडली तरी जात नाही. घनवटीची बाटली उघडल्यावर जळकट वास आला तर परत करा. नुसता कडूपणा चालेल, तो असायलाच हवा.

सत्त्व ही निराळीच चीज. ताजी कांडी ठेचून पाण्यात भिजवतात, हाताने चोळ चोळ चोळतात, फडक्यातून गाळतात आणि पाणी निवांत ठेवतात. तळाशी पांढुरका साका बसतो. वरचं पाणी ओतून द्यायचं, साका वाळवायचा, झालं सत्त्व. शंभर किलो ओल्या कांड्यांतून दोन ते पाच किलो. आता बघा, जो कडवटपणा पाण्यात उतरतो तो बराचसा त्या ओतलेल्या पाण्याबरोबर गेला. मागे राहतो तो मुख्यतः स्टार्च. वैद्य सत्त्व देतात ते बहुधा दाह, पित्त, अंगातली कडकी यांसाठी, तेही चिमटीने. घन आणि सत्त्व ही एकाच वेलीची, पण एकाने काढ्यातलं सगळं ठेवलं आणि दुसऱ्याने पाणी फेकून दिलं. "गुळवेलच आहे ना" म्हणून एकाच्या जागी दुसरं घेऊ नये.

रसात पाणी बरंच असतं आणि टिकण्यासाठी सोडियम बेंझोएट वगैरे. ते बेकायदा नाही, ठरलेल्या मर्यादेत चालतं. पण बाटलीगणिक दाटपणा बदलतो आणि नेमकं किती पोटात गेलं याचा अंदाज रसात सगळ्यात कमी.

अमृतारिष्ट तुमच्या बाबांना नको. त्यात गूळ असतो, आणि आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोलही. लेबलवर तसं लिहिलेलं असतं, वाचत कुणी नाही.

नाममात्र
वा! धागा वाचनखुणांत टाकला. एक शंका. सत्त्वात भेसळ असते म्हणतात, घरी आयोडीनचा थेंब टाकून कळेल का?

काष्ठौषधी
नाही कळणार. आयोडीनने निळं होतं ते स्टार्चमुळे, आणि अस्सल सत्त्वही स्टार्चच. आरारूटही निळं, बटाट्याचं पीठही निळं. ओळखायचं तर सूक्ष्मदर्शकाखाली कणांचा आकार बघतात. घरच्या घरी जिभेवर ठेवून बघता येतं, अगदीच बेचव असेल तर संशय घ्या. ही परीक्षा पक्की नव्हे. अस्सलसुद्धा फार कडू नसतं.

मीठभाकर
आणि त्या मिक्स कॅप्सूलचं काय? माझ्या जावेला कुणीतरी त्याच गळ्यात मारल्यात.

काष्ठौषधी
कॅप्सूल उलटी करून मागे बारीक अक्षरात बघा. "गुडूची (म्हणजे गुळवेलच) चूर्ण 500 मिग्रॅ" आहे की "गुडूची घन" किंवा एक्स्ट्रॅक्ट 500 मिग्रॅ? पुढच्या बाजूला दोन्हींवर ठळक 500 च असतं. नुसतं चूर्ण भरलेलं असेल तर वर सांगितलेल्या 3 ते 6 ग्रॅमसाठी दिवसाला सहा ते बारा कॅप्सूल गिळाव्या लागतील. डबीवर लिहिलेलं असतं एक सकाळी, एक रात्री. म्हणजे चमचाभर चूर्णाऐवजी चिमूटभर, तीही दहापट भावाने. मिक्समध्ये तर तीन-चार वनस्पती मिळून 500. त्यात गुळवेलीच्या वाट्याला काय येणार?

परवानाही बघावा. आयुर्वेदिक औषध असेल तर राज्याच्या औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना क्रमांक असतो. नुसता 14 आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक असेल तर कायद्याने ते अन्न, औषध नव्हे. आणि चूर्णाची मुदत बनवल्यापासून 2 वर्षं. आपल्याकडच्या दमट हवेत पाकीट एकदा फोडल्यावर मी तेवढंही थांबणार नाही.

निवांत_नेरुळ
एवढ्या माहितीत एक गोष्ट कुणीच काढली नाही, यकृत.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल शिजत होती. आयुष मंत्रालयाच्या 6 ऑक्टोबर 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत गुडूची घनवटी होती, तेव्हा लोकांना दोष देता येत नाही. पण त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले, सगळे गुळवेल घेणारे. तो अहवाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांचा मिळून 43 रुग्णांचा अहवाल आला, हेपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स या नियतकालिकात. बऱ्याच जणांचं चित्र ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखं होतं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तसं. बहुतेक जण औषध थांबवून आणि उपचारांनी बरे झाले, सगळे नाही.

खाडीकाठ
आलंच का हे! आयुष मंत्रालयाने तेव्हाच खोडून काढलं होतं. मुंबईच्या अभ्यासात वेल नीट ओळखलेलीच नव्हती, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, असं त्यांचं म्हणणं. फेब्रुवारी 2022 मध्ये पुन्हा सांगितलं की गुळवेल सुरक्षित आहे. आपल्या औषधाला नावं ठेवायची फॅशन आहे.

निवांत_नेरुळ
खाडीकाठ, दोन्ही बाजू मला माहीत आहेत आणि मी नावं ठेवत नाहीये. तुमचाच मुद्दा घ्या. दुसरी वेल निघू शकते हे मंत्रालयच म्हणतंय ना? मग सेक्रेटरींच्या सांगण्यावरून निंबावरची वेल तोडून 71 वर्षांच्या माणसाला पाजायची का?

हजारोंनी घेतली आणि काही झालं नाही, हे खरं. ज्या थोड्यांना झालं त्यांच्यात आधीपासून थायरॉइड, संधिवात असे ऑटोइम्यून आजार किंवा छुपा यकृताचा आजार असणारे दिसले. मधुमेह्यांत फॅटी लिव्हर काही दुर्मिळ नाही, निम्म्यांना माहीतही नसतं. म्हणून ऐरोलीकर, सुरू करण्याआधी एकदा एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करून घ्या. चालू झाल्यावर लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, अन्नावरची वासना गेली तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे. "शरीरातलं विष बाहेर पडतंय" म्हणून पुढे रेटू नका. आणि ग्लिमेपिराइड साखर खाली आणतं, गुळवेलही थोडीफार आणते असं मानतात, तेव्हा पहिले काही दिवस ग्लुकोमीटर हाताशी असू द्या.

पारसिकहिल
वेल ओळखायचं मी सांगतो, झाडं हा आमचा छंद.

आपली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. जून कांडाची साल पातळ कागदासारखी सुटते, नखाने खरवडली की खाली हिरवं दिसतं. कांड आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. पान हृदयाच्या आकाराचं, पातळ, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. वरच्या फांद्यांवरून दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबतात.

पानाच्या पोटाला लव लागली तर ती टिनोस्पोरा सायनेन्सिस. कांडभर ठळक फोड, मस आल्यासारखे, तर ती क्रिस्पा. क्रिस्पा इकडे रानात सहसा नाही दिसत, पण हल्ली बागांतून कुणी कुठून काय आणून लावेल सांगता येत नाही. कॉर्डिफोलियाच्या कांडालाही बारीक पुरळ असतात, त्याने घाबरू नका. शंका आली की सरळ सोडून द्या.

येऊरला जाऊन तोडून आणायचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तो काढून टाका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून वेल काय, काडीही उचलायची नाही.

ऐरोलीकर
सगळ्यांचे आभार. आज सकाळी जाऊन वेल बघून आलो. साल सुटते, आत हिरवं, पानाला लव नाही, मोठे फोड नाहीत. म्हणजे असावी. पण तिचं मूळ गटाराच्या कडेला आहे, पलीकडे गाड्या धुतात, आणि डासांची फवारणी नेमकी त्याच कोपऱ्यात होते. सेक्रेटरींना म्हटलं, तुम्ही स्वतः घेता का? म्हणाले, "छे, मला कडू चालत नाही."

खाडीकाठ
बरं, गटाराकाठची नको. एवढं मान्य.

मीठभाकर
भरड हवी असेल तर शहापूरकडची मिळाली तर बघा. तिथल्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून (आदिवासींच्या वनोपजासाठीची सरकारी योजना) गुळवेल गोळा करून विकायला सुरुवात केली. 2021 मध्ये मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांकडून त्यांना दीड कोटीच्या वर ऑर्डर मिळाल्याची बातमी होती. आपल्याच जिल्ह्यातला माल आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती वेल ओळखणाऱ्या माणसांनी तोडलेला.

सुपारीबाग
उशिरा आलो धाग्यावर. सगळे गुळवेल कुठली यावर बोलताहेत, मला वेगळंच विचारायचंय. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे का? असेल तर तिच्या पट्टीमागे हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन आहे का बघा. बऱ्याच जोडगोळ्यांच्या नावाला शेवटी "एच" लागलेला असतो तो त्याचाच. ही लघवी वाढवणारी औषधं युरिक ॲसिड वाढवतात. रोजची छोटी ॲस्पिरिनसुद्धा थोडं वाढवते. स्वतःहून बंद अजिबात करू नका, डॉक्टरांना विचारा. बहुतेकदा पर्याय असतो.

आणि खाण्याचं सांगा. बिअर, कलेजी, सुकी मासळी, तारली, मांदेली? डाळी आणि पालक यांना उगाच बदनाम केलंय, त्यांचा त्रास फारसा होत नाही. मासळी आणि दारूचा होतो.

ऐरोलीकर
सुपारीबाग, नमस्कार घ्या. पट्टी आत्ताच बघितली. "एच" आहे. गेल्या दिवाळीनंतर साधी गोळी बदलून ही दिलेली, फाइलमध्ये तारीख आहे. आणि तारलीबद्दल काय सांगू, बाबा मूळचे अलिबागकडचे. मुंब्र्याहून कोळीण येते ती आमच्या दारावरची बेल न वाजवता थेट आत हाक मारते.

नाममात्र
इथे गुळवेल राहिली बाजूला 😀

काष्ठौषधी
राहू दे. पण वैद्यांचा फोन लागला की चार गोष्टी विचारून घ्या: कुठल्या रूपात, किती, कशाबरोबर, किती दिवस. युरिक ॲसिड आणि सुजलेला अंगठा म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात वातरक्त (डॉक्टरी भाषेत गाऊट) असणार, आणि वातरक्तावर गुळवेल हे जुनं समीकरण. वातरक्तावरच्या कैशोर गुग्गुळ या औषधातही ती असतेच. म्हणजे वैद्य चुकीचं काही बोलले नाहीत, अर्धं बोलले.

ऐरोलीकर
अपडेट देतो. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली. एलएफटी केली, त्यातलं एसजीपीटी (यकृताचं एक एन्झाइम) किंचित वर आहे, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड एक. (निवांत_नेरुळ, तुम्ही म्हणालात तेच.)

वैद्यांचा फोन लागला. या वेळी मी स्पीकरवर ठेवून एकेक विचारलं. त्यांना भरडीचा काढाच अपेक्षित होता. "गोळ्या नकोत, रस तर नकोच, सत्त्वाचा इथे उपयोग नाही." मात्रा, वेळ, महिनाभरानंतर थांबवून पुन्हा दाखवायचं, सगळं सांगितलं. मग मी "एच"वाल्या गोळीचं आणि एसजीपीटीचं सांगितलं. जरा वेळ गप्प. म्हणाले, "मग आत्ता काहीच देऊ नको. गोळी बदलल्ये ना, सहा आठवड्यांनी युरिक ॲसिड बघ. दोन्ही एकदम केलंस तर उतरलं कशाने ते मला कळायचं नाही, तुझ्या डॉक्टरलाही नाही. यकृताचा आकडा उतरेपर्यंत तर नकोच." आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी इतकं बोलले.

निवांत_नेरुळ
असे वैद्य असतील तर माझी काहीच तक्रार नाही. पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये करा, नाहीतर आकडे ताडून बघता येत नाहीत.

खाडीकाठ
वैद्यबुवा शहाणे आहेत. मधल्या काळात बाबांना पाणी भरपूर पाजा.

मीठभाकर
आणि कोळणीला काय सांगणार?

ऐरोलीकर
ते आईवर सोपवलंय. काल तिने तारलीऐवजी पापलेट मागितलं तर कोळणीने भाव ऐकवला. बाबा आतून म्हणाले, "बघ, डॉक्टर परवडला."